परडीत परत टाकलेली आठ फुलं

मी एकदा लक्ष वाहायचं बोलले होते. धाकट्या जावेचं बाळंतपण अडलं होतं. दाराबाहेर उभ्या उभ्या देवीला म्हटलं, दोन्ही जीव सुखरूप सुटू देत, तुला लाख पारिजातकं वाहीन. सुटले. मग श्रावणापासून रोज फुलं वेचली, रोज मोजली, भिंतीवर कुंकवाची बोटं ओढून आकडा ठेवला. शेवटच्या दिवशी एकवीस फुलं कमी पडली. झाडाखाली एकही नाही आणि देवीपुढे हा ढीग. हात पुढे गेला. एकवीसच तर उचलायची, परडीत टाकायची, पुन्हा वाहायची. कोणाला कळणार? तेवढ्यात ही कहाणी आठवली आणि हात मागे आला. उरलेली एकवीस मी पुढच्या श्रावणात वाहिली. ती कहाणी आज तुम्हाला सांगते. हातातलं काम हातात असू द्या, कान तेवढे इकडे द्या.

एका राज्यात भद्रकेत नावाचा राजा होता. राणीचं नाव चारुमती. पुष्कळ वर्षं पाळणा हलला नाही, तेव्हा राजाने देवीला लक्ष पारिजातकांचा नवस केला. देवी पावली, मुलगी झाली, तिचं नाव शेवंती ठेवलं. पण नवस बोलायला जीभ पुरते, फेडायला पाठ मोडावी लागते. आज फेडू, उद्या फेडू म्हणता म्हणता शेवंती आठ वर्षांची झाली. शेवटी राजा बसला. वाहता वाहता आठ फुलं कमी पडली. राजाने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. देवीच्या पायावरची आठ फुलं उचलली, परत परडीत टाकली, पुन्हा वाहिली. लाख भरले म्हणून घंटा वाजवली.

देवी काही बोलली नाही. बोलली ती निर्माल्यवनातली जखीण. साऱ्या देवळांतलं निर्माल्य तिच्या राशीला जाऊन पडे आणि ती एकेक फूल मोजून घेई. तिच्या राशीत आठ फुलं कमी भरली. ती वाऱ्यावर बसून राजाच्या देवघरात आली आणि म्हणाली,

"राजा, वाहिलेलं तू परत टाकलंस. आता तुझ्या राज्यात गेलेलं सगळं परत येईल. वारुळाची माती, मुक्या झऱ्याचं पाणी आणि माझ्याकडचं जिवंत बी, ही तीन एकत्र येतील तेव्हाच शाप सुटेल."

एवढं बोलून गेली. ऐकायला राजाशिवाय कोणी नव्हतं. राजाने ते पोटात ठेवलं.

पहिल्या दिवशी लोक हरखले. फुटलेलं मडकं तिन्हीसांजेला जुळून आलं. गळलेले केस डोक्यावर परत आले. मग हळूहळू समजत गेलं. खाल्लेला भात पातेल्यात परत येई, पण भूकही पोटात परत येई. सकाळी उमललेलं फूल सांजेला कळी होई, म्हणून फळ कसलं ते धरेना. पाळण्यातली पोरं पाळण्यात राहिली. पोटुशी बाई पोटुशीच राहिली. शेवंतीचा एक दात हलत होता, तो सकाळी पडे आणि सांजेला जागेवर दिसे. अशी बारा वर्षं गेली. बारा वर्षांत तो एक दात चार हजारांवर वेळा पडला.

एके दिवशी शेवंतीने पडलेला दात आईच्या हातावर ठेवला आणि विचारलं, "आई, मी मोठी कधी होणार?"

राणी तो दात मुठीत घेऊन राजाकडे गेली. "महाराज, सारं राज्य अडून बसलंय. तुम्हाला काही ठाऊक आहे. बारा वर्षं तुम्ही देवघरात मान वर केलेली नाही."

राजाने मग सगळं सांगितलं. राणी रागावली नाही असं नाही. पण बोलली एवढंच, "आठ फुलांसाठी? अहो, मला हाक मारायची होती. पहाटे चार झाडं हलवली असती." आणि तिने शिदोरी बांधायला घेतली.

राजा निघाला, राणी निघाली, शेवंती बापाच्या खांद्यावर बसली. तिच्या परकराच्या ओच्यात पाच सागरगोटे खुळखुळत होते.

पहिल्या वनात वारूळ लागलं. वारुळावर नाग बसला होता. राणीने हात जोडले. "नागोबा, मूठभर माती हवी."

"माझी माती पैजेवाचून जात नाही," नाग म्हणाला. "या घागरीत पाच सुपाऱ्या आहेत. तीन पांढऱ्या, दोन तांबड्या. न बघता दोन काढायच्या. काढलेली परत टाकायची नाही. आधी सांग, दोन्ही पांढऱ्या येतील, की एखादी तरी तांबडी निघेल? खरं ठरलं तर माती तुझी. खोटं ठरलं तर बारा वर्षं माझ्या वारुळाला दूध घालत राहायचं."

राजा कानात म्हणाला, "पांढऱ्या जास्त आहेत. पांढऱ्या म्हण."

"थांबा महाराज. पहिली पांढरी निघाली असं धरा. मग घागरीत काय उरलं?"

"दोन पांढऱ्या, दोन तांबड्या."

"म्हणजे पांढऱ्यांचं जास्तपण पहिलीबरोबरच बाहेर आलं. उरलेल्या घागरीला ते ठाऊक आहे, आपण विसरतो."

तिने धुळीत रांगोळीचे पाच ठिपके दिले. तीन पांढरे, दोन कुंकवाचे. मग प्रत्येक ठिपका प्रत्येकाला जोडला. "शेवंते, रेघा मोज."

"दहा!"

"पांढऱ्यातून पांढऱ्यात जाणाऱ्या किती?"

शेवंतीने बोट फिरवलं. "तीनच."

"म्हणजे दहा जोड्यांत तीन निव्वळ पांढऱ्या, सातांत कुंकू." राणी नागाकडे वळली. "नागोबा, माझी पैज तांबडीवर."

तिने हात घातला. पहिली पांढरी निघाली. राजाने डोळे मिटले. दुसरी तांबडी निघाली.

नाग फुसकारला, "नशिबाने जिंकलीस."

"नशीब होतंच की. दहांतल्या तीनदा मी तुमच्या वारुळाशी दुधाची चरवी घेऊन बसले असते. मी फक्त मोठ्या बाजूला उभी राहिले, एवढंच माझं."

नागाला ते बोलणं आवडलं. त्याने फण्याने मूठभर माती तिच्या ओटीत लोटली.

दुसऱ्या वनात तो मुका झरा होता, पण कोरडा. काठावरच्या झाडावर सातभाई पक्षी भांडत होते. एवढा कलकलाट, की शेवंतीने कानांवर हात ठेवले.

"आधी दादानं काढायची!"

"मी का? ढोलीत काड्या भरलेल्या असताना पहिला हात मीच घालू होय? मोठा म्हणून मरू?"

"मग शेवटचा मी का? जे उरेल ते माझ्या माथी! धाकला म्हणजे काय उष्टं खरकटं खायला जन्मलो?"

राणीने विचारलं, "भावांनो, तंटा कसला?"

थोरला पक्षी म्हणाला, "बाई, आम्हा सातांपैकी एक जण वर्षभर गप्प बसला तरच हा झरा वाहतो. कोण गप्प बसणार ते ठरवायला ढोलीत सात काड्या ठेवल्या आहेत. सहा साध्या, एकीच्या टोकाला काटा. काटा ज्याला, मौन त्याला. पण आधी कोणी काढायची ते शंभर वर्षांत ठरलेलं नाही."

"आणि शंभर वर्षांत कोणी गप्पही बसलेलं नाही," दुसरा म्हणाला.

"तू बोलू नकोस!"

"तूच बोलू नकोस!"

राणी हसली. "मी सांगते तसं करा. डोळे मिटून एकेकाने काडी काढा, चोचीत धरा. काढलेली परत ढोलीत टाकायची नाही. सातही जणांच्या झाल्या की एकदम डोळे उघडा."

"पण आधी कोण?"

"कोणीही. काट्याला ठाऊक असतं का, आपल्याला पहिल्याने उचललं की शेवटच्याने?"

सातभाई विचारात पडले. ही त्यांची सवय नव्हती.

राणी म्हणाली, "दादा, तुमच्यापुढे सात काड्या, काटा एक. सातांत एक. तुमच्या मागच्याला सहाच काड्या दिसतात, म्हणून तो घाबरतो, सहांत एक म्हणतो. पण तुम्हीच काटा उचललेला असला तर तो सुटलेला असतो, हे तो धरतच नाही. ते धरलं की त्याचंही सातांत एकच येतं. धाकल्याचंही तेच. त्याच्या वाट्याला उरलेली एकच काडी, पण ती काट्याची असायला आधी सहा जण सुटावे लागतात. सात काड्यांना सात जागा. काटा प्रत्येक जागेला सारखाच पाहुणा."

"म्हणजे शंभर वर्षं आम्ही..." थोरला म्हणाला आणि ढोलीकडे सरकला.

सातांनी काड्या काढल्या. सातांनी डोळे उघडले. काटा निघाला चौथ्याकडे. त्याच्या जागेसाठी कधी कोणी भांडलंच नव्हतं. तो काही म्हणाला... नाही, काहीच म्हणाला नाही. चोच मिटली, तोच झऱ्याच्या तोंडून पाणी खळखळलं. राणीने तांब्या भरून घेतला.

तिसरं वन निर्माल्याचं. बेलाची, तुळशीची, सुकल्या झेंडूची डोंगराएवढी रास. राशीशी जखीण बसली होती. केस जुन्या हारांच्या दोऱ्यांचे, कंबर मोजून मोजून वाकलेली.

"आलास का रे, आठ फुलांच्या चोरा?"

राजाने मान खाली घातली. "आलो, बाई. खरं तेच म्हणालीस."

जखिणीने एक लहान मडकं पुढे ठेवलं. "तू उचललेल्या आठ फुलांच्या या आठ बिया. सात मी भाजल्या, एक जिवंत ठेवली. दिसायला आठही सारख्या. राणी, तू एकेक काढ, त्या मातीत पेर, ते पाणी घाल. जिवंत असेल तर डोळ्यांदेखत फुटेल. भाजलेली निघाली तर तुझ्या लेकीचं एक वर्ष जाईल."

राणीने तांब्या खाली ठेवून लेकीचा हात धरला.

"भिऊ नकोस, मी उदार आहे," जखीण म्हणाली. "मन कच्चं झालं तर भाजलेलं बी परत मडक्यात टाक, हलव, गेलेलं वर्ष परत मिळेल. मग पुन्हा काढ. हवं तितक्या वेळा."

राजाचा चेहरा उजळला. "मग भीती कसली! काढत राहायचं, चुकलं की परत टाकायचं."

"आणि मग महाराज?" राणी म्हणाली. "प्रत्येक वेळी मडक्यात आठच बिया. प्रत्येक वेळी आठांत एकच आशा. कालही तेवढी, उद्याही तेवढी. हाती आलं तर आज येईल, नाहीतर शंभर वर्षं हात मडक्यातच. बारा वर्षं आपण हेच करत आलो."

तिने शेवंतीला पुढ्यात घेतलं. "बाळ, मी चुकले की तू लहान होशील."

"किती लहान?"

"पार पाळण्याएवढीसुद्धा."

शेवंतीने विचार केला. "मग पुन्हा मोठी होईन? खरी मोठी?"

"खरी मोठी."

"मग काढ." तिने ओचा सोडला आणि पाच सागरगोटे आईच्या पदरात बांधले. "हे सांभाळ. मी विसरेन, तू विसरू नकोस."

राणीने देवीचं नाव घेतलं. आठांत एक. बी काढलं, पेरलं, पाणी घातलं. माती हलली नाही. शेवंती सात वर्षांची झाली.

सातांत एक. माती हलली नाही. शेवंतीचा परकर पायात आला.

सहांत एक. नाही. पाचांत एक. नाही. शेवंती चार वर्षांची झाली आणि सागरगोटे कशाला बांधलेत म्हणून विचारू लागली. चारांत एक. नाही. आता ती बोबडं बोलत होती. तीनांत एक. नाही.

शेवंती दोन वर्षांची झाली. तिला दोनच शब्द उरले, आई आणि पाणी. भोवती सहा जळक्या बिया पडल्या होत्या, मडक्यात दोन उरल्या होत्या.

राजाचा धीर सुटला. त्याने सहाही बिया मुठीत गोळा केल्या आणि मूठ मडक्यावर नेली. जखीण पुढे सरकून बघू लागली.

राणीने त्याचं मनगट धरलं. "महाराज, नको."

"दोन वर्षांची राहिलीय ती, राणी! तुला दिसत नाही?"

"माझ्याच मांडीवर आहे, मला नाही दिसणार? पण ऐका. सहा वर्षं गेली, ती वाया नाही गेली. आठांत एक होती ती आशा आता दोनांत एक आहे. या बिया आत टाकाल तर लेक आठ वर्षांची होईल आणि आशाही परत आठांत एक होईल. मग आपण पुन्हा इथवर येऊ. पुन्हा तुमचा धीर सुटेल. महाराज, रिकामं होत चाललेलं मडकंच आपल्या बाजूचं आहे."

राजाची मूठ मडक्यावरच होती. त्याने लेकीकडे पाहिलं. शेवंती त्याच्याकडे बघून म्हणाली, "पाणी."

राजा उठला. निर्माल्याच्या राशीपाशी गेला आणि त्याने मूठ उघडली. एकेक करून सहाही बिया राशीवर वाहिल्या. परत उचलता येऊ नयेत म्हणून वर बेलाची पानं ठेवली. मग लेकीला ओंजळीने पाणी पाजलं. "काढ, राणी," तो म्हणाला.

दोनांत एक. राणीने बी काढलं, पेरलं, पाणी घातलं.

माती हलली नाही.

शेवंती एक वर्षाची झाली. आई हा शब्दही गेला. ती राणीच्या पदराची गाठ तोंडात घालून चोखू लागली.

राजा म्हणाला, "शेवटचीच निघायची होती! आपलंच नशीब मेलं..."

"नाही, महाराज. आठ जागा होत्या, जिवंत बियाला सगळ्या सारख्या. शेवटची जागा काही पहिलीपेक्षा करंटी नाही. सातभाईंना मीच सांगितलं ना? मग आता मला रडता येत नाही."

असं म्हणाली, पण डोळे पुसले.

जखिणीने विचारलं, "राणी, आता किती आशा?"

"आता आशा कशाला हवी? आता ठाऊक आहे."

तिने मडकं उपडं केलं. आठवं बी हातावर पडलं. तिने ते पेरलं, तांब्यातलं उरलेलं सगळं पाणी घातलं. माती हलली, दुभंगली, कोंब आला. कोंबाला पान आलं, पानामागून पान, आणि बघता बघता कमरेएवढं पारिजातकाचं रोप उभं राहिलं. त्याला एक फूल आलं. फूल गळलं. गळल्या जागी चपटं, हिरवं, इवलंसं फळ धरलं. बारा वर्षांत त्या राजाराणीने पाहिलेलं ते पहिलं फळ.

जखीण म्हणाली, "शाप सुटला. तुझ्यावर मी प्रसन्न आहे. माग. लेकीची सातही वर्षं परत देते."

राजाने राणीकडे पाहिलं. राणीने पदराची गाठ चाचपली. तिला शेवंतीचं पहिलं गाणं आठवलं, आठ वर्षांची वेणी आठवली, मघाचं "तू विसरू नकोस" आठवलं. तोंडापर्यंत आलेलं तिने गिळलं.

"बाई," ती म्हणाली, "ती वर्षं मी वाहिली. वाहिलेलं परत घेतलं तर उद्या पुन्हा तुझ्याच दारी यावं लागेल. मला पुढची दे."

जखिणीने बोटांवर मोजलं. "सात वर्षं आणि हे गळलेलं एक फूल. आठ. भरलं!" एवढं म्हणाली आणि तिची वाकलेली कंबर सरळ झाली. मोजायचं काही उरलं नाही, म्हणून ती उठली आणि उन्हात मिसळून गेली.

राजा, राणी, कडेवर शेवंती आणि रोप, असे सगळे परत आले. त्या सांजेला राज्यातली सगळी फुलं कोमेजली आणि बायाबापड्या ती ओंजळीत घेऊन आनंदाने रडल्या. खाल्लेला भात पोटात राहिला. बारा वर्षं पोटुशी असलेल्या बाया बाळंत झाल्या, आठवडाभर गावोगावच्या सुइणींच्या पायांना उसंत नव्हती. चैत्रात आंब्यांना कैऱ्या लागल्या.

शेवंती चालायला शिकली, पडली, उठली. राजाने तिला पुन्हा खांद्यावर घेतलं आणि दर वर्षी ती जड होत गेली. सात वर्षं झाली. एका सकाळी ती धावत आली. "आई, माझा दात पडला!"

राणीने हातातलं काम टाकलं. दात तिच्या हातावर होता. लेकीला घेऊन ती अंगणात पारिजातकाखाली बसली. दुपार झाली, ऊन कललं. सांज झाली, दिवे लागले. राणीने लेकीच्या हनुवटीला धरून तोंड वर केलं आणि पाहिलं. जागा रिकामी होती. बोट फिरवलं तर खाली नव्या दाताचं टोक लागलं.

तिने दात छपरावर टाकला. मग पदराची जुनी गाठ सोडली. पाच सागरगोटे लेकीच्या ओंजळीत ठेवले.

"हे कोणाचे?" शेवंतीने विचारलं.

"तुझेच. सांभाळायला दिले होतेस."

माझी कहाणी इथे फळाला आली. ऐकणाऱ्या बायांनो, बाप्यांनो, माझं एवढं करा. तुम्हीही एखादं लहानसंच व्रत धरा, लाखाचं नको, आठ फुलांचं धरा. रोज एक वाहा. वाहिलेलं परत परडीत टाकू नका. हात रिकामा निघाला त्या दिवशी कपाळाला हात लावण्याआधी परडीत किती उरलीत ती मोजा. राणीची आशा मडक्याबरोबर संपली नाही, वाढली. तशी तुमची वाढो.